बारा वर्षांनी पुन्हा धनुष्य हाती घेताना: तयारी पहिल्या बाणाची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा वर्षांपूर्वी ५५ पौंडांच्या रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्याने तुम्ही ससे आणि खारी मारत होतात. मग नोकरी, घर आणि खांद्याचं दुखणं यांत धनुष्य माळ्यावर गेलं. आता हंगाम चार महिन्यांवर आलाय आणि पुन्हा रानात जायचंय. जुनं धनुष्य आणि बाण चालतील का, सराव कसा करायचा, आणि पूर्वीसारखा पंचवीस मीटरवरून नेम धरता येईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. या हंगामात पंचवीस मीटर विसरा. दहा ते बारा मीटर धरून चाला. पंधरा मीटर मिळवायचे असतील तर ते सरावात कमवावे लागतील. कसे, ते पुढे सांगतो.

मी स्वतः नऊ वर्षांच्या खंडानंतर परतलो होतो. सहा आठवडे रोज साठ-साठ बाण सोडले. संध्याकाळच्या शेवटच्या वीस बाणांचा घोळका मुठीएवढा यायचा आणि मला वाटलं, हात परत आला. हंगामाच्या पहिल्या सकाळी पंचवीसेक मीटरवर ससा दिसला. दोन तास थंडीत चालून खांदे आखडलेले, बोटं बधिर झालेली. बाण सुटला तेव्हाच कळलं की तो मागे गेलाय. सशाच्या मांडीत लागला आणि तो तसाच काटेरी झुडपांत शिरला. अंधार पडेपर्यंत मी हातापायांवर रांगत शोधलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच पुन्हा गेलो, तेव्हा पहिल्या जागेपासून चाळीसेक पावलांवर एका झुडपाच्या मुळाशी तो सापडला. रात्री कधीतरी मेला होता. त्या रात्री तो किती वेळ जिवंत असेल, हा विचार मला अजून सोडत नाही.

माझी चूक साधी होती. मी स्वतःला चाळिसाव्या बाणावरून जोखत होतो. रानात चाळिसावा बाण नसतोच. तिथे एकच बाण असतो, तोही अंग गरम व्हायच्या आधीचा. तेव्हापासून माझा सगळा सराव त्या पहिल्या बाणाभोवती फिरतो आणि तुम्हालाही मी तेच सांगणार आहे.

आधी नियम, मग धनुष्य

बारा वर्षांत नियम बदललेले असतात. परवाना, हंगामाच्या तारखा, एका दिवसात किती सावजं, धनुष्याचं किमान ड्रॉ वेट (ओढायला लागणारा जोर, पौंडांत), कोणत्या प्रकारचं टोक चालतं, धनुर्धारी शिकाऱ्यांसाठीचा अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो का, ठळक रंगाचे कपडे सक्तीचे आहेत का, हे सगळं आज तुमच्या भागात काय आहे ते नव्याने वाचा. आठवणीवर विसंबू नका. आणि हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक वाक्य: भारतात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली सशाची शिकारसुद्धा गुन्हा आहे. तिथे या उत्तरातला नेमबाजीचा भागच तेवढा घ्यायचा, तोही लक्ष्यफलकावर.

माळ्यावरचं धनुष्य

खाली काढल्याकाढल्या दोरी चढवून ओढायचा मोह होईल. तो आवरा. आधी स्वच्छ पुसा आणि उजेडात बसा. कापसाचा बोळा घेऊन दोन्ही लिंबांवरून (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांवरून), विशेषतः कडांवरून, हलक्या हाताने फिरवा. डोळ्यांना न दिसणारा तडा किंवा उचकटलेला फायबरग्लासचा धागा कापूस पकडतो. मग लाकूड आणि फायबरग्लास जिथे चिकटवलेले असतात ती रेघ टोकापासून रायझरपर्यंत, म्हणजे मधल्या मुठीच्या भागापर्यंत, नखाने चाचपा. नख कुठे अडकलं, रेघ उघडी वाटली, तर ते धनुष्य भिंतीवर टांगा, वापरू नका. पूर्ण ताणात लिंब फुटला तर तुकडा चेहऱ्याकडे येतो. वरचा पातळ चकाकता थर नुसता भेगाळलेला असेल तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण फरक ओळखता येत नसेल तर जाणकाराला दाखवा.

दोरी मात्र न बघताच बदला. ती चांगली दिसते म्हणून ठेवू नका. नवी घेताना एक जपायचं: जुन्या धनुष्यांच्या लिंबांची टोकं मजबूत केलेली नसतील तर त्यांना डेक्रॉनचीच (थोडी ताणणारी) दोरी लागते. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका ती टोकं सोसत नाहीत. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा, पाय घालून वाकवण्याची जुनी सवय असेल तर ती सोडा, त्याने लिंब पिळवटतात. चढवल्यावर मागून एक डोळा मिटून बघा, दोरी दोन्ही लिंबांच्या मधोमध दिसली पाहिजे. मग काही तास तसंच ठेवून द्या. त्यानंतर थोडं थोडं ओढत न्या: आधी पाव, मग अर्धं, मग पाऊण. ओढाल तितक्याच हळू परत आणा. बाण न लावता दोरी सोडायची नाही, एकदाही नाही.

तुमच्याकडे कंपाऊंड (चाकं आणि केबलींचं धनुष्य) असतं तर मी ते थेट दुरुस्तीवाल्याकडे पाठवायला सांगितलं असतं. दोरी, केबल, कॅम सगळं एकमेकांवर ताणलेलं असतं, ते घरी उघडायचं काम नाही.

आता बाण. कार्बनचे असतील तर एकेक घ्या, दोन्ही टोकांना धरून किंचित वाकवा, थोडा फिरवा, पुन्हा वाकवा, आणि कानाजवळ धरून ऐका. करकर आली की तो बाण मोडून फेका. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. प्लॅस्टिकचे जुने नॉक (दोरीत बसणारी बाणाची खाच) ठिसूळ होतात, सगळे बदला. लाकडी बाण असतील तर नॉकच्या खालची दोन बोटं जागा भिंगातून बघा, चीर तिथेच पडते. पिसं चपटी झाली असतील तर उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरा, डोळ्यांदेखत उभी राहतात. कसर लागलेली मात्र परत येत नाहीत.

५५ पौंड आता नको

हे ऐकायला आवडणार नाही. दोन-चार दिवस ५५ पौंड ओढता येईलही, कारण स्नायूंत जोर असतो. पण स्नायू जितक्या लवकर तयार होतात तितक्या लवकर स्नायुबंध तयार होत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, सगळं छान चाललंय असं वाटत असताना, खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. तुमचा खांदा आधीच एकदा बोललाय. डॉक्टरांना दाखवून मगच सुरुवात करा आणि सुरुवात ३० ते ३५ पौंडांवर करा. तुमचं धनुष्य सुट्या लिंबांचं असेल तर रायझर तोच ठेवून हलके लिंब घ्या. अखंड असेल तर कुणाचं तरी हलकं धनुष्य दोन महिन्यांसाठी मागून आणा.

सशासाठी ४० पौंड पुरतात, त्याहून जास्त लागत नाहीत. जास्त जोराने सावज जास्त मरत नाही. थरथरत्या हातातून सुटलेला जोरदार बाण नुसता जास्त जोरात चुकतो. धनुष्य झेपतंय का हे पाहायची माझी कसोटी अशी: गुडघ्यावर बसा, धनुष्य सावजाच्या दिशेला रोखलेलं ठेवा, आकाशाकडे न उचलता सरळ ओढा, अँकरला या (ओढणारा हात चेहऱ्यावरच्या ठरलेल्या जागी टेकवा) आणि दहा मोजा. आठव्या अंकापर्यंत बाणाचं टोक नाचायला लागलं तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे. रानात उभं राहून, हात वर करून, छाती फुगवून ओढायला कुणी वेळ देत नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. लिंबावर लिहिलेलं ड्रॉ वेट २८ इंच ओढल्यावरचं असतं. बारा वर्षांत छाती आणि खांदे आखडतात, ओढ इंचभर कमी झालेली असते. इंचामागे दोन-अडीच पौंड जातात. एका लांब बाणावर इंचांच्या खुणा करा आणि कुणाला तरी शेजारी उभं करून आजची तुमची ओढ मोजून घ्या.

धनुष्य हलकं झालं की जुने बाण जुळणार नाहीत. ५५ पौंडांसाठी निवडलेला बाण ४० पौंडांवर फार ताठ पडतो, आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो. हे माहीत नसलं की माणूस महिनाभर आपल्या बोटांना दोष देत बसतो. पौंडामागे दहा ग्रेन, म्हणजे ४० पौंडांना ४०० ग्रेनचा (सुमारे २६ ग्रॅमचा) बाण, हे प्रमाण मला मानवलंय. तो थोडा सावकाश जातो, पण धनुष्य शांत राहतं. सरावाचं टोक आणि शिकारीचं टोक एकाच वजनाचं ठेवा.

डोळेही तपासा. वयाबरोबर जवळचं दिसणं बदलतं, काही जणांचा प्रबळ डोळासुद्धा बदलतो. दोन्ही हात लांब करून पंजांच्या मधे छोटी फट धरा, त्यातून लांबची एक वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा, मग एकेक डोळा मिटा. वस्तू ज्या डोळ्याला दिसत राहते तो प्रबळ. तुम्हाला या मधल्या काळात चष्मा लागला असेल तर ओढताना दोरी काडीला लागते का ते पाहा.

सराव

पहिले दोन आठवडे लक्ष्यफलक नको. गवताच्या गठ्ठ्यासमोर तीन मीटरवर उभे राहा, ओढा, अँकरला आलात की डोळे मिटा आणि सोडा. दिवसाला वीस-पंचवीस बाण, आठवड्यातून चार दिवस. डोळे मिटल्यावर नेमाची काळजी उरत नाही, मग पाठीचे स्नायू ओढतायत की नुसता दंड ओढतोय, सुटताना हात पुढे ढासळतोय का, बोटं दोरी सोडतायत की उपटतायत, हे जाणवतं. कंटाळवाणं आहे. मी दर वर्षी करतो.

तिसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी एक बाण. अंग न हलवता, हात न तापवता, घराबाहेर या, दहा मीटरवरच्या गठ्ठ्यावर आठ सेंटीमीटरचं वर्तुळ काढलेलं असेल, त्यावर एकच बाण सोडा आणि वहीत लिहा: आत की बाहेर. आठ सेंटीमीटर म्हणजे सशाची छाती, जिथे काळीज आणि फुप्फुसं असतात ती जागा, जेमतेम एवढीच असते. खारीची तर त्याच्या निम्मी. त्यानंतर दिवसभरात वाटलं तर पन्नास बाण सोडा, पण वहीत फक्त पहिला. सलग दहा सकाळींत नऊ बाण आत आले की बारा मीटर. तिथे नऊ आले की पंधरा. चुकले तर दोन मीटर मागे. हंगामाच्या आदल्या दिवशी वहीत जे अंतर असेल तेच तुमचं अंतर. रानात त्याच्या पुढचा ससा फक्त बघायचा.

अंतरावर मी इतका अडून का बसतो, ते आकड्यांत दाखवतो. अशा धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण पन्नास मीटर जातो. अठरा मीटरवरचा ससा तुम्ही पंधरा मीटरवर आहे असं समजलात, तर बाण सुमारे दहा सेंटीमीटर खाली जातो. म्हणजे छातीच्या खाली, पायात. दहाच्या जागी बारा मीटर असले तर चूक पाचेक सेंटीमीटरची. आणि पंचवीसच्या जागी अठ्ठावीस असले तर सोळा! चूक तेवढीच, तीन मीटरची, पण लांबवर ती सावजाला जखमी करते. रानात, उतारावर, झुडपांमधून तीन मीटरची चूक कुणाचीही होते.

दुसरं म्हणजे आवाज. आवाज सेकंदाला ३४० मीटर जातो. पंचवीस मीटरवरच्या सशाला दोरीचा आवाज ऐकू येतो तेव्हा बाणाने जेमतेम पावणेचार मीटर कापलेले असतात. उरलेल्या वाटेत जवळपास अर्धा सेकंद जातो. भित्र्या प्राण्याला अर्धा सेकंद खूप. दहा मीटरवर त्याला सेकंदाचा सहावा हिस्साच मिळतो.

इथे इशीची आठवण येते. १९११ साली कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलजवळ तो एकटा रानाबाहेर आला, ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला शेवटचा. १९१६ मध्ये क्षयाने गेला. मधल्या वर्षांत सॅक्स्टन पोप या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य शिकून घेतलं आणि सगळं टिपून ठेवलं. पोपचं निरीक्षण असं की लांबच्या लक्ष्यफलकावर इशीचा नेम फारसा भरवशाचा नव्हता, पण जवळच्या लहान सावजावर तो पक्का होता. तो तासन्‌तास थांबायचा, वाऱ्याची दिशा बघायचा, आणि ओठांवर बोटं दाबून चुंबनासारखा आवाज काढायचा, संकटातल्या सशाच्या ओरडण्यासारखा. सावज जवळ यायचं. त्याचं सगळं कसब बाण सुटण्याआधीचं होतं.

खोडांवरची नेमबाजी

सहाव्या आठवड्यापासून अंगण सोडा. या सगळ्यात मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच. भात्यात चार बोथट बाण घ्या आणि जिथे परवानगी आहे अशा रानात चाला. कुजलेलं खोड, पानांचा ढीग, मातीचा उंचवटा दिसला की थांबा, अंतर मनात म्हणा, एक बाण सोडा. एका जागेवर एकच. मग पावलं मोजत जा आणि मनात म्हटलेलं अंतर खरं होतं का बघा. महिनाभरात डोळा इतका बसतो की मोजायची गरज उरत नाही.

खोडावर कुठेतरी मारू नका. त्यावरचा एक ठिपका निवडा: शेवाळाचा डाग, वाळलेलं पान, सालीतलं छिद्र. अख्ख्या सशाकडे बघून बाण सोडणारा माणूस चुकतो. छातीवरच्या केसांच्या एका झुपक्याकडे बघणाऱ्याचा बाण लागतो. ती सवय इथे लागते. उभं राहून, गुडघ्यावर, बसून, झाडाच्या आडून कलून, चढावर, उतारावर सगळीकडून मारा. आणि शिकारीला घालणार तोच जाड कोट घाला. बाहीला दोरी घासली की काय होतं ते खोडावरच कळू दे. मनगटाच्या वरपर्यंत बाही घट्ट बांधा.

टोक कोणतं, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सशाला पोलादी बोथट टोक किंवा चार स्प्रिंगच्या काड्या असलेलं टोक चालतं. त्या काड्या गवतात अडकतात आणि बाण गवताखाली सरपटत हरवत नाही, म्हणून खोडांच्या सरावालाही तेच बरं. रबरी बोथट टोक मी सरावापलीकडे वापरत नाही. खारीची गोष्ट वेगळी. तिची कातडी आकारमानाच्या मानाने फार चिवट असते आणि ती जखमी होऊनही फांदीला धरून राहते. हलक्या धनुष्याच्या बोथट बाणाने ती पुष्कळदा नुसती दुखावते. म्हणून पहिल्या हंगामात खारी सोडून द्या असा माझा सल्ला आहे. मारायच्याच असतील तर जमिनीवरची खार, वीतभर आवाक्यात आल्यासारखी जवळ, आणि धार लावलेलं पातं.

झाडावर बाण सोडायचा झाला तर फ्लू-फ्लू. यात पिसं न छाटता पूर्ण उंचीची, चार किंवा सहा लावतात, त्यामुळे बाण आधी नीट जातो आणि तीसेक मीटरनंतर एकदम मंदावतो. पण तोही वरून खाली येतोच. मागे जाड खोड नसेल, नुसतं आकाश असेल, तर बाण सोडायचा नाही. पलीकडे कोण आहे हे आकाश सांगत नाही.

ससा

बाकीचं तुमच्या अंगात असेल, बारा वर्षांनी ते विसरत नाही. पण घाई वाढलेली असते. म्हणून थोडं सांगतो.

सशाचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ चारी दिशांचं दिसतं. त्याच्याकडे सरळ चालत जाऊ नका, त्याच्या बाजूने कुठेतरी दुसरीकडे चालल्यासारखं तिरपं जा. दहा पावलं, मग थांबा. हे थांबणंच त्याला असह्य होतं. चालत्या माणसाला तो जाऊ देतो. थांबलेल्या माणसाने आपल्याला पाहिलं असं त्याला वाटतं. म्हणून थांबायची जागा आधी निवडा: जिथून पुढचं झुडूप मोकळं दिसतं आणि धनुष्य ओढायला जागा आहे. थांबलात की अंग शोधू नका, डोळा शोधा. गवतासारख्या रंगात, गवतात, एक काळा गोल ओला मणी. थंड रात्रीनंतर ऊन पडलं की वाऱ्याच्या आडोशाला, उन्हाच्या बाजूला बघा.

गेल्या हंगामातली एक सकाळ सांगतो. मी बोरीच्या झुडपासारख्या एका दाट काटेरी जाळीपाशी थांबलो आणि जाळीच्या बुडाशी तो मणी दिसला. अकरा पावलं असतील. ससा पोटावर चपटा बसलेला, कान पाठीला चिकटवलेले, मिशा सोडून काही हलत नव्हतं. माझ्या आणि त्याच्या मधे एक वाळकी काडी आडवी होती, करंगळीहून बारीक, अगदी त्याच्या खांद्यावरून गेलेली. बाण तिला लागला असता तर कुठेही गेला असता. मी ओढलं नाही. शरीराचा भार हळूहळू डाव्या पायावर घेतला, इंचभर, पुन्हा इंचभर. मिनिटभर तरी गेलं असेल. काडी खांद्यावरून मानेवर सरकली, मग नाकापुढे गेली. कानामागच्या तांबूस पट्ट्याच्या खाली, खांद्याच्या मागे, केसांचा एक भोवरा दिसला. त्या भोवऱ्याकडे बघत ओढलं. तो जागच्या जागी कलंडला, पाय दोनदा झाडले आणि संपलं. मी बराच वेळ तिथेच गुडघ्यावर बसून होतो.

पळत्या सशावर या हंगामात बाण सोडू नका. पुढच्याही नको, असं मी म्हणेन.

बाण सुटला की दुसरा लगेच दोरीवर चढवा आणि पहिला कुठे लागला तिथेच नजर ठेवून ताबडतोब जा. मोठ्या जनावरासारखं अर्धा तास थांबायचं नसतं. ससा जखमी असेल तर दुसरा बाण लगेच, जवळून. दिसेनासा झाला तर शेवटचा दिसला तिथे टोपी ठेवा आणि तिच्याभोवती गोल गोल शोधा. प्रत्येक बीळ, प्रत्येक मूळ, हात घालून नाही तर काठीने. सापडेपर्यंत दुसरी शिकार नाही.

सोलताना

सशाला आणि कुरतडणाऱ्या प्राण्यांना टुलरेमिया नावाचा रोग होतो आणि तो माणसाला लागतो. हातावरच्या बारीक चिरेतूनही जंतू आत जातात. रबरी हातमोजे घालूनच सोला. सुस्त, न पळणारा, हातात येईल असा ससा मिळाला तर तो सोपा बाण समजू नका, आजारी समजा आणि सोडून द्या. पोट उघडल्यावर यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर मांस घेऊ नका, हात आणि सुरी साबणाने धुवा. शिजवताना मांसाच्या आत ७४ अंश सेल्सिअस यायला हवं, कच्चट गुलाबी ठेवायचं नाही. आणि सोलल्यानंतर काही दिवसांत ताप आला, काखेत गाठ आली, तर डॉक्टरांना आपण ससा सोलला होता हे आपणहून सांगा. सांगितल्याशिवाय हे कुणाच्या लक्षात येत नाही.

चार महिन्यांचा हिशोब

पहिल्या महिन्यात खांदा, गवताचा गठ्ठा आणि तिसऱ्या आठवड्यापासून सकाळचा एक बाण. दुसऱ्यात तोच बाण, वही आणि सहाव्या आठवड्यापासून रविवारी खोडं. तिसऱ्यात खोडं चालूच, आणि खांदा शांत असेल तरच ४० पौंड. धनुष्य बदललं की वही नव्याने सुरू करायची, जुन्या धनुष्याचे आकडे नव्याला लागू होत नाहीत. चौथ्यात शिकारीची टोकं, शिकारीचे कपडे, पहाटेची थंडी. मधे खांदा दुखला तर दहा दिवस पूर्ण बंद, आणि परत हलक्या लिंबांवर. त्यात हंगामाची सुरुवात हुकली तर हुकू द्या.

शिकारीच्या दिवशीसुद्धा मी निघण्याआधी तो एक बाण सोडतो, अंधुक उजेडात, गठ्ठ्यावरच्या त्याच वर्तुळावर. आत गेला तर धारेची आणि पोलादी टोकं भात्यात घालतो. बाहेर गेला तर ती घरी ठेवतो आणि खोडांवरचे बाण घेऊन रानात जातो. गेल्या हंगामात असे सहा दिवस गेले. त्यातल्या एका दिवशी आठ मीटरवर, उन्हात, ससा बसला होता. मी त्याच्याकडे बघत बसलो, तो उठून गेला, आणि मग त्याच्या जागेमागच्या खोडावर एक बाण सोडून पाहिला. चार बोटं डावीकडे लागला.